उघाडी उघडी की बंद? पाण्याच्या पातळीवर ठरतं हवेत काय जाणार

पेण : पावसाळा लागला की पेणच्या खारेपाटात कुणीही भेटो, बोलणं पाण्यावरच येतं. उघाडी चालते का, बांध धरून आहे का, शेतातलं पाणी उतरलं का. हे प्रश्न पिकाचे आहेत आणि पोटाचेही. पण याच प्रश्नांना आता आणखी एक बाजू जोडली गेली आहे, ती हवामान बदलाची. जमिनीतलं पाणी किती खाली उतरवायचं आणि किती दिवस उभं ठेवायचं, यावर त्या जमिनीतून हवेत कोणता वायू जाणार हे ठरतं. जगात यावर बराच अभ्यास झालाय. आपल्याकडे मात्र हा विषय "कार्बन क्रेडिट" आणि "ब्ल्यू कार्बन" अशा जड शब्दांत येतो, त्यामुळे शेतकरी त्याच्यापासून लांबच राहतो. म्हणून हा विषय साध्या भाषेत मांडायचा प्रयत्न केलाय.

चिखलात कर्ब साठतो कसा?

माती परीक्षणाच्या कागदावर "सेंद्रिय कर्ब" असा एक रकाना असतो. पालापाचोळा, मुळं, शेण कुजून मातीत जे शिल्लक राहतं, तो हा कर्ब. तो मातीत असला तर जमीन सुपीक. जळून किंवा पूर्ण कुजून हवेत गेला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो.

कुजायला हवा लागते. खाडीवरच्या माणसाला हे सांगायला नको. चिखलात रुतलेला खांब वर्षानुवर्षं टिकतो, पण भरती-ओहोटीच्या रेषेवर, जिथे पाणी आणि हवा आलटून पालटून लागते, तिथे तोच खांब आधी सडतो. पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही, म्हणून तिथला पालापाचोळा पूर्ण कुजत नाही. तो थरावर थर साठत जातो.

थंड देशांत आणि इंडोनेशिया-मलेशियाच्या पावसाळी जंगलांत असे थर हजारो वर्षं साठले. काही ठिकाणी ते कित्येक मीटर जाड आहेत. या काळ्या, भुसभुशीत, अर्धवट कुजलेल्या मातीला पीट म्हणतात. जगाच्या जमिनीपैकी फक्त 3 टक्के जमीन अशी आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून जेवढा कर्ब आहे, त्याहून जास्त कर्ब या 3 टक्क्यांत दडलेला आहे.

आपल्या रायगडात तसली खोल पीट जमीन नाही. पण खारफुटीखालचा काळा, वास मारणारा चिखल हा तिचाच भाऊबंद. तिथेही पाणी हवा अडवतं आणि मुळं-पानं साठत जातात. कांदळवनाचा मोठा कर्ब झाडात नसतो, पायाखालच्या चिखलात असतो.

पाणी काढलं की जमीन हवेत उडते

फिनलँडमध्ये पीट जमिनीवर झाडं खुरटी राहत, कारण मुळांना हवा मिळत नसे. म्हणून तिथे विसाव्या शतकात चर खणून पाणी काढण्याची मोहीम चालली. देशातल्या निम्म्याच्या आसपास पीट जमिनीत, म्हणजे सुमारे 50 लाख हेक्टरवर, जंगलासाठी चर पडले. झाडं जोमाने वाढली, लाकूड मिळालं. पण पाणी खाली गेल्यावर वरच्या थरात हवा शिरली आणि हजारो वर्षं साठलेली माती कुजायला लागली. झाड वाढताना हवेतून कर्ब घेतं, माती कुजताना तो सोडते. पाणी जितकं खोल उतरवाल, तितका सोडण्याचा आकडा मोठा.

जमीन अशी कुजली की ती खचते. इंग्लंडमध्ये होम फेन नावाच्या ठिकाणी 1851 साली दलदल आटवताना एक लोखंडी खांब डोक्यापर्यंत जमिनीत पुरला. आज तो सुमारे 4 मीटर बाहेर उभा आहे. खांब जागचा हललेला नाही, जमीनच खाली गेली. काही दबून गेली, काही कुजून हवेत गेली.

मग चर बुजवून पाणी पुन्हा भरलं तर? कार्बन डायऑक्साइड कमी होतो, पण पाणी अगदी वरपर्यंत आलं की मिथेन वाढतो. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू हा वायू तयार करतात. 100 वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. मात्र मिथेन हवेत साधारण डझनभर वर्षंच टिकतो, कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो. म्हणून खोल पीट जमिनीत लांबचा विचार केला तर पाणी परत भरणंच फायद्याचं ठरतं.

फिनलँडमध्ये आता मधला मार्गही बघतात. सगळी झाडं एकदम तोडली की पाणी ओढायला कुणी उरत नाही, पातळी वर येते आणि पुन्हा चर उकरावे लागतात. त्याऐवजी निवडक झाडंच काढली तर उरलेली झाडं पाणी पीत राहतात. पातळी फार खाली जात नाही, अगदी वरही येत नाही आणि नवे चर लागत नाहीत.

भातासाठी जंगल आटवलं, पीक आलं नाही

शेतकऱ्याने लक्षात ठेवावं असं उदाहरण इंडोनेशियाचं आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या सरकारने बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमांतान भागात 10 लाख हेक्टर दलदलीच्या जंगलाचं भातशेतीत रूपांतर करायचं ठरवलं. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. पाणी निघून गेलं, पण माती भाताच्या लायकीची नव्हती. काही वर्षांतच प्रकल्प सोडून द्यावा लागला. सुकलेली पीट माती मात्र 1997 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये महिनोन् महिने पेटत राहिली. धूर शेजारच्या देशांपर्यंत गेला. शेवटी 2016 मध्ये सरकारने नियम केला की पीट जमिनीत पाण्याची पातळी 40 सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायची नाही.

म्हणजे तिथे कायद्यात पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये लिहावी लागली. पाणी हा विषय किती नाजूक आहे, ते यावरून कळतं.

आपला खारेपाट : बांध, उघाडी आणि तिवर

आता आपल्याकडे या. धरमतरच्या खाडीलगत पेण आणि अलिबागचा खारेपाट पिढ्यान् पिढ्यांच्या कष्टातून उभा राहिलाय. आगरी-कोळी समाजाने हाताने माती टाकून बाहेरकाठा आणि आतलाकाठा असे दोन बांध घातले. बांधाला उघाडी ठेवली. ओहोटीला उघाडीतून आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला झाप बंद होते आणि खारं पाणी बाहेर थांबतं. पावसाने मीठ धुतलं की भात लागतो. स्वातंत्र्यानंतर खारजमिनीसाठी कायदे झाले, 1979 च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने योजनांच्या बांधांची जबाबदारी सरकारकडे आली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 अशा क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या.

वायूंच्या हिशेबात ही जमीन कुठे बसते? संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने 2013 मध्ये पाणथळ जमिनींसाठी वेगळी मोजणीपद्धत ठरवली. त्यानुसार खारफुटीची जमीन आटवली की दर हेक्टरी वर्षाला सरासरी 7.9 टन कर्ब हवेत जातो असं धरतात. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो सुमारे 29 टन, म्हणजे एकरी पावणेबारा टनांच्या आसपास.

पण हा आकडा जपून वापरायला हवा. तो नव्याने आटवलेल्या जमिनीला लागू पडतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या खाराचा जुना कर्ब केव्हाच निघून गेलाय. त्यासाठी आजच्या शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं बरोबर नाही. हा आकडा लावायचा तो आज भराव टाकून नव्याने बुजवल्या जाणाऱ्या कांदळवनाला. तिथे शेकडो वर्षांचा साठा एका झटक्यात उघडा पडतो.

खारं पाणी आणि गोडं पाणी यांत फरक

इथे एक गोष्ट खारेपाटाच्या बाजूने आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. चिखलात सल्फेट असलं की दुसरेच जिवाणू वरचढ होतात आणि मिथेनवाल्यांना खायला उरत नाही. म्हणून ज्या कांदळवनात भरती-ओहोटी मोकळी चालते, तिथून मिथेन फारसा निघत नाही. याच समितीच्या पद्धतीत, समुद्राच्या निम्म्याहून जास्त खारटपणा असलेल्या, पुन्हा पाणी भरलेल्या जमिनीचा मिथेन शून्य धरतात. गोड्या पाण्याच्या भरती क्षेत्रात मात्र तो हेक्टरी वर्षाला सुमारे 194 किलो धरतात.

याचा आपल्याकडचा अर्थ असा. उघाडी बुजली, गाळाने भरली, झाप मोडली की आत पावसाचं आणि खाडीचं मिसळलेलं पाणी तुंबून राहतं. ना धड खारं, ना धड गोडं. त्यात भात येत नाही, तिवरही धड वाढत नाही, आणि खारटपणा उतरत गेला की मिथेन सुरू होतो. पिकाच्या दृष्टीने जे सगळ्यात वाईट, तेच हवेच्या दृष्टीनेही वाईट. उघाडी दुरुस्त ठेवणं हे शेतकऱ्याचं मागणं आहेच, ते पर्यावरणाचंही काम आहे. निधीची मागणी करताना ही बाजूही मांडायला हवी.

भातातलं पाणी : डोंगराकडचा नियम वेगळा

गागोदे बुद्रुकसारख्या, विनोबांच्या जन्मगावासारख्या डोंगराकडच्या गावांत खाडीचं पाणी येत नाही. इथली खाचरं गोड्या पाण्याची. गोड्या पाण्यात सतत बुडालेलं भाताचं खाचर मिथेन सोडतं. 2019 च्या सुधारित हिशेबात दक्षिण आशियासाठी हा आकडा हेक्टरी दिवसाला 0.85 किलो आहे. पीक 120 दिवस पाण्यात धरलं तर हेक्टरी सुमारे 102 किलो, एकरी साधारण 41 किलो मिथेन. उष्णतेच्या हिशेबात एकरी एक टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड.

यावर सोपा उपाय आहे. खाचर सतत भरलेलं ठेवायचं नाही. हंगामात एकदा पाणी काढून जमीन थोडी सुकू दिली तर मिथेन सुमारे 29 टक्के कमी होतो, अनेकदा आलटून पालटून केलं तर सुमारे 45 टक्के. खाचरात भोकं पाडलेला फूटभर लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप उभा रोवायचा. त्यातलं पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं कमी, उतरलं की पुन्हा पाणी द्यायचं. लावणीनंतर पहिले दोन आठवडे तणासाठी पाणी ठेवायचं, आणि फुलोऱ्यात खाचर अजिबात सुकू द्यायचं नाही. एवढं पाळलं तर उत्पादन सहसा घटत नाही आणि पाणी वाचतं.

श्रावणात कोसळणाऱ्या पावसात हे हातात नसतं, हे खरं. आषाढात बांध फोडून पाणी काढलं तरी तासाभरात खाचर पुन्हा भरतं. पण पावसाने उघडीप दिली की बांधाचं तोंड मोकळं करता येतं. आणि जिथे कालव्याचं पाणी मिळतं, तिथे उन्हाळी भातात ही पद्धत शंभर टक्के हातात आहे. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं मागणी केलीय. 2008 मध्ये सेझच्या प्रश्नावर 22 गावांत जनमत घेतलं गेलं, त्यामागेही हे लाभक्षेत्राचं पाणी होतंच. कमी पाण्यात भात येत असेल, तर त्याच पाण्यात जास्त खाचरं भिजतील.

खताचीही काळजी घ्यायला हवी. सुकवलेल्या खाचरात युरिया फेकला की नायट्रस ऑक्साइड नावाचा तिसराच वायू निघतो, तो मिथेनपेक्षाही कित्येक पट तीव्र. म्हणून युरिया-डीएपीच्या गोळ्या रोपांच्या मध्ये चिखलात खोचणं जास्त बरं. कोकणात ही पद्धत नवी नाही. खतही वाया जात नाही.

पण खारात खाचर सुकवू नका

हा इशारा वेगळा लिहावा लागतो. वर सांगितलेली सुकवण्याची पद्धत खारेपाटात चालणार नाही. खारजमीन सुकली की खालचं मीठ ओलाव्याबरोबर वर चढतं आणि रोप पिवळं पडून जळतं. तिथे गोड्या पाण्याचा थर वर ठेवूनच मीठ खाली दाबावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. खाऱ्या चिखलातल्या सल्फेटमुळे तिथला मिथेन मुळात कमी असतो, त्यामुळे फायदाही थोडाच. सगळ्या भातशेतीला एकच पत्रक वाटलं तर नुकसान खारेपाटाचं होईल. कोणी "कार्बन क्रेडिट" साठी भात सुकवायला सांगितलं, तर आधी विचारा : ही शिफारस खारजमिनीची आहे का?

खांड पडलेल्या शेतात तिवर उगवलं, मग कर्ब कुणाचा?

खरा गुंता इथे आहे. खाडीकडच्या बऱ्याच भागांत बांधाला खांडी पडल्या, वेळेत बुजवल्या गेल्या नाहीत, उधाणाचं पाणी आत शिरलं आणि भाताच्या जागी तिवर आणि चिपी उभी राहिली. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पिकाच्या जागी जंगल. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात स्पष्ट केलंय की जमिनीची मालकी कुणाचीही असो, कांदळवन तोडता येणार नाही. त्याच्याभोवती 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा.

हवेच्या बाजूने बघितलं तर हे वाढलेलं कांदळवन चांगलं काम करतंय. खारं पाणी मोकळं खेळतंय, मिथेन कमी आहे, चिखलात कर्ब पुन्हा साठू लागलाय. ते तोडून जमीन परत आटवली तर साठलेलं सगळं परत जाईल. पण ज्याची दोन एकर भाताची जमीन गेली, त्याच्या घरात या हिशेबाने तांदूळ येत नाही. बांध त्याच्या चुकीने फुटलेला नाही. जगाच्या हवेसाठी जमीन द्यायची असेल तर तिची किंमत एकट्या खारेपाटाने का भरायची?

राज्यात 2012 पासून कांदळवन कक्ष आहे. 2017 पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे, त्यात खेकडापालन, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन अशी कामं बसतात. जिताड्याच्या तळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या भागाला हे परकं नाही. पण योजनेतून मिळणारा रोजगार वेगळा आणि गेलेल्या जमिनीचा मोबदला वेगळा. उद्या कुणी या तिवरांच्या कर्बाचे पैसे करायला आलं, तर सातबारावरच्या नावाला त्यातलं किती मिळणार, हे आधी लेखी ठरलं पाहिजे. ग्रामसभेत हा विषय घ्यायला आजच हरकत नाही.

वरचा गाळ खाली जातो

डोंगराकडच्या गावांचाही यात वाटा आहे. आपल्या माळावरचं, डोंगरावरचं पाणी शेवटी धरमतरच्या खाडीलाच मिळतं. उतारावरची झाडी गेली, माती उघडी पडली की तो गाळ ओढ्या-नद्यांतून खाली जातो आणि उघाडीच्या तोंडाशी बसतो. खाली पाणी तुंबतं, त्याचं एक कारण वर असतं. बांधबंदिस्ती, उतारावरचे चर, डोंगरावरची झाडी या गोष्टी फक्त आपल्या विहिरींसाठी नाहीत.

थोडक्यात

तालुका एकच, पण पाण्याचे नियम वेगवेगळे :

- कांदळवनात भरती-ओहोटी मोकळी ठेवा. भराव टाकून किंवा नवा बांध घालून ते आटवू नका.
- जुन्या खारात बांध आणि उघाडी दुरुस्त ठेवा. निमखारं पाणी तुंबू देऊ नका आणि खाचर सुकवू नका.
- गोड्या पाण्याच्या खाचरात, जिथे पाणी हातात आहे तिथे, आलटून पालटून पाणी द्या. फुलोऱ्यात पाणी ठेवा.
- खांड पडून तिवर उगवलेल्या खाजगी जमिनीचा मोबदला ठरल्याशिवाय त्या कर्बाच्या कुठल्याही करारावर अंगठा किंवा सही करू नका.

उघाडीची झाप कधी उघडायची, हे आजवर पीक आणि भरती बघून ठरत आलं. पुढेही तसंच ठरेल. फक्त त्या झापेतून पाण्याबरोबर हवेचाही हिशेब जातो, एवढं आता माहीत असायला हवं. म्हणजे बाहेरचं कुणी तो हिशेब घेऊन गावात आलं, की त्याच्याशी बरोबरीने बोलता येईल.